पर्जन्यमापकाची दुहेरी नाळ : वीज आणि संदेश

पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस सह्याद्रीची उत्तुंग भिंत. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रत्नागिरी जिल्हा वसला आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या या नऊ तालुक्यांत वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या साऱ्या नद्या लांबीने आखूड व उताराने तीव्र आहेत. घाटमाथ्यावर कोसळलेले पाणी अवघ्या काही तासांत खाडीच्या मुखाशी येऊन ठेपते. भाताच्या लावणीस जो पाऊस वरदान ठरतो, तोच आंब्याच्या मोहोरावर अवेळी पडला तर बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न धुऊन नेतो. म्हणूनच पाऊस किती पडला, कोठे पडला आणि नेमका केव्हा पडला, या तीन प्रश्नांची उत्तरे या जिल्ह्यात केवळ कुतूहलाचा विषय नाहीत. त्यांवर शेतकऱ्याचा विमा अवलंबून असतो आणि प्रसंगी नदीकाठच्या कुटुंबाचा जीवही.

ही उत्तरे देण्याचे काम अलीकडे स्वयंचलित हवामान केंद्रांकडे सोपविण्यात आले आहे. उंच खांब, त्यावर फिरणारे वायुवेगमापक, खाली पांढरे नरसाळे आणि एक बंद पेटी असे हे केंद्र आता अनेकांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु 'स्वयंचलित' या शब्दाने एक गैरसमज रूढ केला आहे. यंत्र आपोआप चालते, तेव्हा त्याकडे पाहण्याचे कारण नाही, असे मानले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. यंत्राला चालण्यासाठी वीज लागते आणि बोलण्यासाठी संदेशाचा मार्ग लागतो. या दोन नाळांपैकी एक जरी तुटली, तरी अत्यंत अचूक यंत्रही मुके होते. कठीण बाब अशी की, ज्या दिवशी त्याची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवशी या नाळा तुटण्याची शक्यताही सर्वाधिक असते.

मोजपात्राकडून नोंदयंत्राकडे

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. तेव्हापासून पर्जन्यमापनाची एक शिस्त देशभर रुजत गेली. तहसील कार्यालयाच्या आवारातील पर्जन्यमापकात साचलेले पाणी सकाळी साडेआठ वाजता काचेच्या मोजपात्रात ओतावयाचे, आकडा वहीत लिहावयाचा आणि तो वर कळवावयाचा, हा तो परिपाठ होय. या पद्धतीत यंत्राला वीज लागत नसे. परंतु आकडा चोवीस तासांतून एकदाच मिळे. रात्री दोन वाजता तासाभरात शंभर मिलीमीटर पाऊस कोसळला, तरी त्याचा पत्ता साडेआठ वाजेपर्यंत लागत नसे.

राज्याच्या कृषी विभागाने २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पाद्वारे महसूल मंडळ हा घटक धरून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याचे काम हाती घेतले. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि पर्जन्यमान यांच्या नोंदी या केंद्रांतून दर दहा मिनिटांनी घेतल्या जातात. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंबा व काजू या पिकांसाठी अवेळी पाऊस, तापमानातील चढउतार व वेगाचा वारा यांची प्रमाणके ठरविलेली असतात. ती ओलांडली गेली की नाही, हे अशा संदर्भ केंद्राच्या नोंदीवरून ठरते. म्हणजेच बागेत पडलेला पाऊस बागायतदाराने डोळ्यांनी पाहिला, तरी विम्याच्या दृष्टीने तो केंद्राने नोंदवावा लागतो.

पेटीच्या आत काय असते?

पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याखाली तराजूसारखी दोन लहान पळ्यांची जोडी असते. एक पळी ठराविक पाण्याने भरली की ती कलंडते, पाणी सांडते आणि दुसरी पळी वर येते. नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असेल आणि पळी १० घनसेंटिमीटर पाण्याला कलंडत असेल, तर एक कलंडणे म्हणजे अर्धा मिलीमीटर पाऊस. हा हिशेब शिक्षकांनी वर्गात जरूर करून दाखवावा. प्रत्येक कलंडण्यासरशी पळीला जोडलेले चुंबक एका कळीजवळून जाते, कळ क्षणभर मिटते आणि विजेचे एक स्पंदन पेटीकडे जाते.

पेटीमध्ये मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवर सामावलेला छोटा संगणक असतो. त्याला पडदा नसतो व कळफलकही नसतो. स्पंदने मोजणे, त्यांवर वेळेची मोहोर उठविणे, नोंद स्मृतीत ठेवणे आणि ठराविक अंतराने ती मोडेमच्या हवाली करणे, एवढेच काम तो अहोरात्र करीत असतो. मोडेममध्ये आपल्या भ्रमणध्वनीत असते तसेच सिमकार्ड असते. त्याच्या मार्गाने ही नोंद मध्यवर्ती संगणकाकडे पोहोचते. पेटीला अन्न पुरविण्यासाठी सौर पॅनेल, बॅटरी आणि या दोहोंमध्ये बसून बॅटरी प्रमाणाबाहेर भरू वा रिकामी होऊ न देणारा नियामक असतो.

विजेचा जमाखर्च

केंद्र सौर विजेवर चालते, तेव्हा वीजपुरवठ्याचा प्रश्न सुटला, असे कोणास वाटेल. परंतु कोकणातील आषाढ हा सूर्यदर्शनासाठी प्रसिद्ध नाही. म्हणून घरखर्चाप्रमाणे विजेचाही जमाखर्च आधी मांडावा लागतो. समजण्यास सुलभ जावे म्हणून एक ढोबळ उदाहरण घेऊ.

समजा, नोंदयंत्र आणि मापके मिळून सतत १० मिलीअँपिअर विद्युतप्रवाह घेतात. चोवीस तासांचा हा खर्च सुमारे ०.२४ अँपिअर-तास होतो. मोडेम दर दहा मिनिटांनी, म्हणजे दिवसातून १४४ वेळा जागा होतो, अर्धा मिनिट काम करतो आणि त्या वेळी सरासरी २०० मिलीअँपिअर घेतो. हाही खर्च ०.२४ अँपिअर-तासच भरतो. एकूण दैनिक खर्च अर्ध्या अँपिअर-तासाच्या आसपास झाला. बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची असेल आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मीच वापरावयाची असे ठरविले, तर सूर्याचा एकही किरण न मिळता केंद्र सुमारे सात दिवस तग धरील.

आता हाच मोडेम झोपी न जाता दिवसभर जागा राहिला आणि रिकामपणीही ५० मिलीअँपिअर खात राहिला, तर खर्च तिपटीहून अधिक वाढतो आणि तीच बॅटरी दोन दिवसांत हात टेकते. यंत्र तेच, बॅटरी तीच. फरक केवळ झोपेच्या शिस्तीचा. म्हणून केंद्र स्वीकारताना 'बॅटरी किती मोठी' एवढेच न विचारता, 'सूर्याविना किती दिवस' हा प्रश्न विचारावा. सह्याद्रीच्या पायथ्याशी सलग आठवडाभर ढग राहणे ही अपवादाची गोष्ट नव्हे.

वायरीची जाडी हीसुद्धा अशीच दुर्लक्षित बाब आहे. संदेश पाठवितेवेळी मोडेम क्षणभर एक अँपिअर वा त्याहून अधिक प्रवाह खेचतो. बॅटरी पेटीपासून १५ मीटरवर असेल आणि तांब्याची तार अर्ध्या चौरस मिलीमीटरची असेल, तर जाण्यायेण्याच्या ३० मीटर तारेचा रोध सुमारे एक ओहम होतो. एक अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच गळतो. बॅटरी पावसाळ्यात आधीच उतरलेली असेल, तर दाब उंबरठ्याखाली जातो आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते. पुन्हा संदेश पाठवू लागते, पुन्हा बंद पडते. बाहेरून पाहणारास 'नेटवर्क नाही' असे वाटते, दोष मात्र तारेत असतो. अडीच चौरस मिलीमीटरची तार वापरल्यास ही गळती एक पंचमांश होते.

संदेशाचा मार्ग

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. लगतच्या मंडणगड व दापोली तालुक्यांत झाडांबरोबर विजेचे खांब कोसळले, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली आणि भ्रमणध्वनी सेवाही कोलमडली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहराला वेढले, तेव्हाही वीज गेली आणि दूरध्वनींचा संपर्क तुटला. या दोन प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या केंद्राला सौर पॅनेल असले, तरी त्याचा संदेश ज्या मनोऱ्यामार्फत जातो, तो मनोरा महावितरणच्या विजेवर, स्वतःच्या बॅटरीवर आणि डिझेल जनित्रावर जगत असतो. रस्ता बंद झाला की डिझेल पोहोचत नाही. डिझेल संपले की मनोरा थांबतो, आणि मनोरा थांबला की धडधाकट केंद्राचा आवाज बंद होतो.

यावर पहिला उपाय म्हणजे साठवण. मार्ग बंद असेल, तर यंत्राने नोंदी स्वतःच्या स्मृतीत जपून ठेवाव्यात आणि मार्ग खुला होताच त्या मूळ वेळेसह पाठवाव्यात. प्रत्येक संदेशात गेल्या दहा मिनिटांच्या पावसाबरोबरच आरंभापासूनची एकूण बेरीजही असावी. घरातील वीजमीटरचे वाचन एखाद्या महिन्यात चुकले, तरी युनिट हरवत नाहीत. पुढच्या वाचनात ते येतातच. चालू बेरीज पाठविणाऱ्या पर्जन्यमापकाचेही तसेच होते. एखादा संदेश गहाळ झाला, तरी पाऊस गहाळ होत नाही.

विम्याच्या कामास एवढे पुरेसे आहे. चार दिवसांनी आलेली नोंदही बागायतदाराचा दावा उभा करू शकते. पुराच्या बाबतीत मात्र तसे नाही. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. त्यात घाटातील अतिवृष्टीची आणि भरतीची भर पडली, तर निर्णयास हाती तासच असतात. तेथे उशिरा आलेला अचूक आकडा केवळ पश्चात्तापाच्या उपयोगाचा. म्हणून पुराच्या इशाऱ्यासाठी लावलेल्या पर्जन्यमापकास आणि नदीच्या जलपातळी-मापकास संदेशाचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत. हवामान विभागाच्या अनेक स्वयंचलित केंद्रांवरून इन्सॅट उपग्रहांमार्फत नोंदी पाठविण्याची पद्धत प्रचारात आहे. जमिनीवरील मनोरे पडले, तरी आकाशातील हा मार्ग शाबूत राहतो. मात्र दोन सिमकार्डे एकाच मनोऱ्यावर विसंबून असतील, तर ते दोन मार्ग नव्हेत, हे ध्यानी ठेवावे.

एकाच तारेतून दोन्ही

जुन्या पिढीतील वाचकांना काळा दूरध्वनी आठवत असेल. गावातील दिवे गेले, तरी तो दूरध्वनी चालू असे. याचे कारण, दूरध्वनी केंद्रातील मोठ्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा पुरवठा बोलणे वाहून नेणाऱ्या त्याच दोन तारांतून घरापर्यंत येत असे. संदेश आणि वीज एकाच मार्गाने चालत.

संगणकाच्या जाळ्यात हीच युक्ती नव्या रूपाने आली. २००३ साली निश्चित झालेल्या प्रमाणानुसार जाळ्याच्या केबलमधूनच सुमारे ४८ व्होल्ट दाबाने १५.४ वॅटपर्यंत वीज पाठविता येते. ग्रामपंचायत कार्यालयातील कॅमेरा वा वाय-फायचे उपकरण स्वतंत्र प्लगविना चालते, ते याच सोयीमुळे. केबलची मर्यादा १०० मीटर. प्रमाणबद्ध उपकरणे आधी एकमेकांची ओळख पटवितात आणि मगच वीज सोडतात. स्वस्तातील काही जोडण्या मात्र ओळख न पटविताच वीज सोडतात. अशा जोडणीवर भलतेच यंत्र लावल्यास ते जळू शकते.

या सोयीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. पुरवठ्याचे मूळ एकच झाले की जबाबदारीही एका जागी एकवटते. कार्यालयातील एका बॅटरी-संचाने सर्व उपकरणे जगविता येतात, परंतु तो संच बंद पडला की सर्व उपकरणे एकदम बंद पडतात. शिवाय उघड्यावरून गेलेली लांब केबल विजांच्या दिवसांत धोक्याची ठरते. कोकणातील जांभ्या खडकात चांगले अर्थिंग सहजासहजी मिळत नाही. ते मोजून घ्यावे आणि दरवर्षी उन्हाळ्यात तपासावे.

मोजणारे यंत्र आणि चालविणारे यंत्र

आतापर्यंत केवळ मोजणाऱ्या यंत्राचा विचार झाला. गावच्या नळपाणी योजनेत अशीच पेटी पंप चालविण्याचेही काम करते. रत्नागिरी जिल्ह्यात सामान्यतः विहीर नदीकाठी व साठवण टाकी वर सड्यावर असते. टाकीतील मापक पातळी कळविते आणि खालची पेटी पंप सुरू वा बंद करते. येथे संदेश तुटण्याचा परिणाम निराळा होतो. मोजणारे यंत्र मुके झाले, तर माहिती हुकते. चालविणारे यंत्र आंधळे झाले, तर पंप चालूच राहून टाकी वाहू लागते, किंवा विहीर आटल्यावरही कोरडा पंप फिरून जळतो.

म्हणून नियंत्रण करणाऱ्या पेटीबाबत एक नियम कटाक्षाने पाळावा. 'टाकीकडून ठराविक मिनिटांत संदेश आला नाही, तर पंप आपोआप थांबावा', हे आधीच ठरवून यंत्रात घालून घ्यावे. विहिरीतील पाण्याची किमान पातळी सांभाळणारी कळ पंपास थेट तारेने जोडलेली असावी. वीज जाऊन आल्यावर पंपाने त्याच क्षणी सुरू न होता काही काळ थांबावे. आणि यंत्र बाजूस सारून हाताने पंप चालविण्याची सोय कायम ठेवावी. पेटीसोबत आलेला मूळ परवलीचा शब्दही पहिल्याच दिवशी बदलावा, कारण तो पुस्तिकेत छापलेला असल्यामुळे सर्वांस ठाऊक असतो.

ग्रामपंचायतीचा वाटा

केंद्र शासनाने २०२३ मध्ये पुढे आणलेल्या 'विंड्स' या उपक्रमात तालुका स्तरावर हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत स्तरावर स्वयंचलित पर्जन्यमापक असे जाळे विणण्याचे उद्दिष्ट आहे. अशा स्थितीत सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि शिक्षक हे केवळ आकडे वाचणारे न राहता यंत्राचे शेजारी होतात. त्यांना पेटी उघडावयाची नाही. ते काम तंत्रज्ञाचे. परंतु शेजाऱ्याने पाहावयाच्या गोष्टी मोजक्या आणि सोप्या आहेत.

पहिली गोष्ट जागेची. झाड वा इमारत जितकी उंच असेल, त्याच्या दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावे. सौर पॅनेलवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली पडू नये. आज लहान असलेले कलम पाच वर्षांनी सावली देईल, याचा विचार आजच करावा. दुसरी गोष्ट संदेशाची. जागा निश्चित करण्यापूर्वी तेथे भ्रमणध्वनीची रेंज भरपावसात पाहावी, उन्हाळ्यातील एका दुपारी नव्हे. तिसरी गोष्ट स्वच्छतेची. मृगापूर्वी नरसाळ्यातील पालापाचोळा काढावा आणि पॅनेल पुसावे. वायरी उंदीर-वानरांपासून सुरक्षित असलेल्या नळीतून गेल्या आहेत ना, जोडांवर खाऱ्या हवेने गंज चढला नाही ना, हे पाहावे. चौथी गोष्ट बॅटरीची. ती तीन-चार वर्षांत थकते. बसविल्याची तारीख पेटीवर ठळक लिहावी आणि बदलाची तरतूद अंदाजपत्रकात आधीच करावी.

पाचवी गोष्ट शाळेने करण्यासारखी आहे. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एवढे सूत्र घेऊन विद्यार्थ्यांनी शाळेच्या अंगणात साधे पर्जन्यमापक ठेवावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करावी. ही वही विम्याचा पुरावा म्हणून नव्हे, तर यंत्राच्या प्रकृतीची परीक्षा म्हणून मोलाची ठरेल. अंगणात साठ मिलीमीटर आणि यंत्रात शून्य, असे दिसले की नरसाळे तुंबले आहे वा नाळ तुटली आहे, हे त्याच दिवशी समजते. ती माहिती त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी वा तहसील कार्यालयास लेखी कळवावी. हंगाम संपल्यानंतर केलेल्या तक्रारीपेक्षा त्या दिवशीच्या चार ओळी अधिक मोलाच्या असतात.

मोजपात्राच्या काळात पावसाच्या आकड्यामागे एक माणूस उभा असे. तो भिजत आवारात जाई, पाणी मोजी आणि आकडा लिही. स्वयंचलित यंत्राने त्याचे भिजणे वाचविले आहे, लक्ष ठेवणे वाचविलेले नाही. त्याचे ते लक्ष आता गावाने यंत्राच्या दोन नाळांकडे वळवावयाचे आहे. पुढील मृग नक्षत्रापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या शिवारातील पेटीपाशी एकदा उभे राहून दोन प्रश्न विचारावेत: सात दिवस ऊन पडले नाही, तर ही जगेल काय? आणि मनोरा पडला, तर ही बोलेल काय? उत्तर नकारार्थी आले, तर दुरुस्तीस अद्याप अवधी आहे. पाऊस सुरू झाल्यावर तो उरणार नाही.